मादी अकराचा डबा

१

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास वडिलांच्या आणि बहिणीच्या किल्ल्यांनी पारस पाटलानं शीतखोलीचं दार उघडलं, आत गेला आणि दोन मिनिटांत घाईघाईनं बाहेर आला. बाहेर खुर्चीवर त्याचे वडील रामगोंडा बसले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं रं?"

"अण्णा, मादी अकराचा डबा नाही."

"नीट बघ. वरच्या फळीवर, डाव्या हाताला."

"सगळं बघितलं. तेवढाच नाही."

इस्लामपूर-सांगली रस्त्यावरच्या आदिगिरी बियाणे कंपनीत त्या सकाळी एवढंच घडलं. दार फुटलं नव्हतं, कुलपावर ओरखडा नव्हता. तळहातावर मावेल असा ॲल्युमिनियमचा एक डबा तेवढा गेला होता. त्यात मिरचीचं मूळ बियाणं होतं, जेमतेम तीन ग्रॅम. कंपनीचं सगळ्यांत चालणारं संकरित वाण ज्या झाडापासून तयार व्हायचं, त्या मादी झाडाचं हे बी. बारा वर्षांच्या निवडीतून उतरलेलं, आणि दुसरीकडं कुठंही नसलेलं. गेली दोन वर्षं ते वाढवायचं राहून गेलं होतं. म्हणून जे होतं ते तेवढंच होतं.

शुक्रवारी हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीची माणसं नमुने न्यायला येणार होती. पाटलांची कंपनी ते विकत घेणार होते, आणि घेण्यासारखं त्यात खरं तर हे बीच होतं.

पारसनं त्यांची भेट सोमवारवर ढकलली. पोलिसांत जायला त्यानं साफ नकार दिला. बातमी फुटली असती तर सौदा मोडला असता. त्यानं साताऱ्याला फोन लावला, सुभेदार धनाजी निकमांना.

"सुभेदार, तुमच्या आखणीतून चोर गेलाय," तो म्हणाला. "या आणि कुठून गेला ते दाखवा."

२

धनाजी निकम फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर सातारा-सांगलीकडच्या कारखान्यांची, गोदामांची सुरक्षा आखून देणं हा त्यांचा उद्योग. इतरांसारखे दहा कॅमेरे लावून ते मोकळे होत नसत. जागा चार दिवस पायानं फिरायचे, मग कागद घ्यायचे. एका भिंतीवर भरवसा ठेवायचा नाही, एकात एक वेढे घालायचे, एक चुकला तर दुसऱ्यानं धरला पाहिजे, अशी त्यांची रीत होती.

आदिगिरीसाठी त्यांनी चार वेढे आखले होते. पहिला कंपाउंडचा. आठ फूट भिंत, वर तार, आणि भिंतीलगतची झाडं तोडून दोन्ही अंगांना मोकळा पट्टा. दुसरा गेटचा. सबंध आवाराला एकच गेट, येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट रजिस्टरात, आणि बाहेर पडताना प्रत्येकाची झडती, डब्यापिशव्यांसकट. तिसरा इमारतीच्या दाराचा. तिथं बोटाचा ठसा लागल्याशिवाय दार उघडत नसे. चौथा शीतखोलीचा. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. एक किल्ली रामगोंडांकडं, दुसरी त्यांच्या लेकीकडं, दीपालीकडं. वाण तयार करायचं सगळं काम दीपाली बघायची.

गेटवरचा माणूसही धनाजींनीच दिला होता. अर्जुना यादव, उंब्रजचा, त्यांच्याच पलटणीतला हवालदार. लेहला एका खंदकात दोघांनी सव्वा वर्ष काढलेलं.

दुपारी दोनला जीप गेटवर आली तेव्हा अर्जुना ताठ उभा राहिला. "जय हिंद, साब."

धनाजींनी नुसती मान हलवली.

ऑफिसात पारसनं संगणकावर गेटचं चित्रण लावलं. "बुधवारी तीनला अण्णा आणि ताई शीतखोलीत होते. सगळे डबे मोजले, अण्णांनी यादीवर खुणा केल्या. मादी अकरावर पण खूण आहे. म्हणजे तीनला डबा होता. आज दहाला नाही. मधल्या वेळात इमारतीत रोजचीच माणसं, आणि सगळ्यांची गेटवर झडती झालीय. आता हे बघा. बुधवारी चार वाजून दहा मिनिटं."

चित्रात अर्जुनानं गेट जोडीदाराकडं दिलं आणि तो आवारात आत चालत गेला. इमारतीच्या कोपऱ्यामागं दिसेनासा झाला. बारा मिनिटांनी परत आला.

"कुलपं कशी उघडली ते पुढं बघू, पण माल बाहेर नेणारा हाच. झडती घेणाऱ्याची झडती कोण घेतं सुभेदार?" पारसनं विचारलं.

धनाजींना हा प्रश्न आखणीच्या वेळीच सुचायला हवा होता. सुचलाही होता, पण तेव्हा अर्जुना डोळ्यांसमोर होता म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. आता त्याचंच वाईट वाटून ते जास्त कडक झाले. उठले आणि थेट अर्जुनाच्या खोलीवर गेले.

आवारातलीच पत्र्याची एवढीशी खोली. धनाजींनी गादी उलटवली, स्वयंपाकाचे डबे रिकामे केले, पलटणीचा आकडा रंगवलेली ट्रंक उघडून एकेक कपडा झटकला. मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या, बायकोचा आणि लेकीचा फोटो निघाला. अर्जुना दारात उभा होता.

"बुधवारी चारला कुठं गेलतास?"

अर्जुना उलटवलेल्या गादीकडं बघत राहिला.

"अर्जुना, मी विचारतोय."

"आत गेलतो, साब."

"कशाला?"

दाराबाहेर रोपवाटिकेतल्या चार-पाच बायका येऊन थांबल्या होत्या. अर्जुनानं त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "ते सांगन्यासारखं न्हाई. पर डब्याचं मला कायबी ठावं न्हाई. तुमी गेटचं रजिस्टर बघा साब, तेवढं बघा."

"रजिस्टर नंतर. आधी बारा मिनिटांचं बोल."

अर्जुना वाकून झटकलेले कपडे उचलायला लागला. ज्या माणसाला बारा मिनिटांचा हिशेब देता येत नाही, त्याच्याबद्दल काय समजायचं हे धनाजींना फौजेनं शिकवलं होतं.

३

शुक्रवारी सकाळी साडेनऊला रोपवाटिकेतून आरडाओरडा झाला.

इमारतीच्या मागं रोपवाटिका होती, पांढऱ्या जाळीखालची, आणि तिच्या शेजारी शेणखताचा पुरुषभर उंच ढीग. बनुबाई, तिथल्या बायकांची मुकादम, ढीग वरखाली करून घेत होती. खोऱ्याला काहीतरी खणकन लागलं. तिनं हातानं खत बाजूला केलं तर ॲल्युमिनियमचा डबा. त्यावर चिठ्ठी, मादी ११. लाखेचं सीलही जसंच्या तसं.

रामगोंडा धावत आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, धाप लागली, डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी डबा दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. सील तोडून तिथंच झाकण उघडलं. आत बी होतं. तराजू आणला. तीन ग्रॅम, पुरते.

"मिळालं," ते म्हणाले. "देवानं दिलं."

दीपाली जरा लांब उभी होती. पारसला मात्र आता जोर चढला. ढीग बरोबर त्याच कोपऱ्यामागं होता, जिथं अर्जुना बुधवारी दिसेनासा झाला होता.

"लपवून ठेवला होता, संधी बघून न्यायला," तो म्हणाला आणि तडक गेटकडं निघाला.

धनाजी मागोमाग गेले, पण त्यांनी त्याला अडवलं नाही. उलट गेटवर पोचल्यावर ते अर्जुनाला एका बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "गड्या, झालं ते झालं. माल मिळालाय. कबूल हो, पुढचं मी सांभाळून घेतो."

अर्जुना त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं शर्टावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"शर्ट पण कंपनीचा आहे," पारस म्हणाला.

बायका बघत होत्या, ड्रायव्हर बघत होते. अर्जुनानं गणवेशाचा शर्ट उतरवला, घडी घातली, बिल्ल्याशेजारी ठेवला. बनियनवर खोलीपर्यंत गेला, ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर आला. जोडीदारानं त्याची ट्रंक गेटवर उघडून पुन्हा तपासली. रस्त्यावर जाऊन एसटीला हात केला.

धनाजी परत ढिगाकडं आले. काम संपलं होतं, अहवाल तेवढा लिहायचा होता. डबा कुठल्या जागी सापडला ते मोजावं म्हणून त्यांनी बनुबाईनं केलेल्या खड्ड्यात हात घातला आणि चटकन मागं घेतला. आत हात ठरत नव्हता, इतकं ते खत तापलेलं होतं.

४

"बनुबाई, हा ढीग असा कायम गरम असतो?"

"आवं, आतनं शिजतंय की ते. अंडं ठिवलं तर उकडंल."

"आणि यात बी राहिलं तर?"

बनुबाई हसली. "बी कसलं ऱ्हातंय? मरतंय. म्हनून तर शेनखत कुजवून घालायचं, तनाचं बी जळावं म्हनून. शेतकऱ्याच्या पोराला बी ठावं असतं ह्ये."

धनाजी खताच्या कडेला तसेच उभे राहिले. अर्जुना शेतकऱ्याचा पोर होता. ते स्वतःही होते. कालपासून आजपर्यंत त्यांना कंपाउंड, कुलपं, कॅमेरे एवढंच दिसत होतं. एवढी धडपड करून ज्यानं बी चोरलं, तो ते मरायला भट्टीत कशाला ठेवील? ठेवणाऱ्याला आतल्या बियाची फिकीरच नव्हती. म्हणजे डब्यातलं बी ते बीच नव्हतं.

आणि डब्यातलं बी आधीच बदललेलं असेल, तर बुधवार-गुरुवारचा सगळा तपास फुकट होता. खरी चोरी कधीतरी आधी झाली होती. डबा आता नाहीसा करण्याचं कारण एकच. शुक्रवारी नमुना प्रयोगशाळेत गेला असता, बी बदलल्याचं उघड झालं असतं, आणि मग पहिला प्रश्न आला असता तो किल्लीवाल्यांवर. डबाच गेला, तर मात्र सगळे चोर शोधत बसणार होते.

"बनुबाई, अजून एक. अर्जुना बुधवारी इकडं आलता. तुम्ही बघितला?"

बनुबाईनं पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं. "रोज येतोय त्यो. दोन-चारदा येतोय."

"कशाला?"

"आवं, आता कसं सांगू. त्येला साखर हाय. गेटवर सोय न्हाई. इमारतीत जायला बोटाचं मशीन, त्येचं बोट त्यात न्हाई. मग बिचारा ह्या ढिगामागं येतोय. आमी बायका तवा तिकडं बघत न्हाई."

धनाजींना एकदम आपला कागद आठवला. गेटशेजारी चौकीदारांसाठी संडास, त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेला चौकोन. पारसनं त्यावर काट मारली होती, गेटजवळ बरं दिसत नाही म्हणून. धनाजींनी तेव्हा वाद घातला नव्हता. काल चार-पाच बायकांसमोर त्या माणसाला ते विचारत होते, कुठं गेलतास, कशाला गेलतास.

ते रामगोंडांच्या केबिनमध्ये गेले. म्हातारा अजून डब्यापाशीच बसला होता.

"अण्णा, शीतखोलीत तुम्ही शेवटचे कधी गेलात? आत, पाऊल टाकून?"

"बुधवारी की."

"आत?"

रामगोंडा घुटमळले. "आत म्हंजे… दिवाळीपासून छाती धरती माझी. गारठा सोसत न्हाई. मी माझं कुलूप काढतो आन् बाहेर खुर्चीवर बसतो. लेक आतनं नावं सांगती, मी खुणा करतो. घरचीच हाय, तिथं काय बघायचं?"

दोन माणसांशिवाय उघडू नये म्हणून केलेली खोली तीन महिने एका माणसाच्या हाती होती, आणि यादीवरच्या खुणा नुसत्या ऐकून केलेल्या होत्या.

"पण अण्णा, दीपालीताईंची पण गेटवर झडती होते?"

"व्हय, माझी सुदिक होती. अर्जुना कुनाला सोडत न्हवता."

मग बी गेटातून गेलं कसं?

५

अर्जुनानं काल बघायला सांगितलेलं रजिस्टर धनाजींनी तेव्हा कुठं उघडलं.

अर्जुनाचं अक्षर पोरासारखं गोल होतं. रोजची दूधगाडी, कोकोपीटच्या गोण्या, शेतकऱ्यांकडं जाणारी रोपं. धनाजी फेब्रुवारीतून मागं जात राहिले. अठरा जानेवारीला एक नोंद लाल शाईत होती.

"मिरची रोपे, टेंपो. चलनावर २२ ट्रे. प्रत्यक्ष २६. विचारले. दीपालीताई म्हणाल्या, ४ ट्रे प्रयोगाचे, आक्काताईंच्या शेतावर. पारससाहेबांना सांगितले. जाऊ दे म्हणाले."

धनाजींनी डोळे मिटले. एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खळगे. चार ट्रे म्हणजे चारशेला आठ कमी. तीन ग्रॅम मिरचीचं बी साधारण तेवढंच भरतं, थोडं न उगवलेलं सोडलं तर. रोप लावणीला यायला चाळीस दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शीतखोलीतून बी निघालं, खिशातून पन्नास पावलं चालत रोपवाटिकेत आलं आणि मातीत गेलं. सव्वा महिन्यानं पानं फुटून, टेंपोत बसून, सगळ्यांच्या देखत गेटातून बाहेर पडलं. झडती बियाची होत होती. रोपाला कोण हात लावणार?

आखणीच्या नकाशात रोपवाटिका त्यांनी हिरव्या रंगात दाखवली होती. शेजारी लिहिलं होतं, धोका कमी.

आक्काताई म्हणजे रामगोंडांची धाकटी बहीण, विधवा, कृष्णाकाठी तिची दोन एकर काळी जमीन. धनाजी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उसाच्या दोन फडांमध्ये, बाहेरून दिसू नये अशा जागी, मिरचीच्या सहा सऱ्या होत्या. गुडघ्यापर्यंत आलेली झाडं, पांढरी फुलं लागलेली. दीपाली तिथंच होती, एका झाडाला चिठ्ठी बांधत. जीपचा आवाज ऐकूनही तिनं हातातली गाठ पुरी केली.

"मला वाटलं होतं तुम्ही रजिस्टर पहिल्याच दिवशी बघाल," ती म्हणाली.

धनाजी सरीच्या कडेला थांबले.

"बारा वर्षं, सुभेदार. दोन हजार झाडांतून एक झाड, परत त्याची दोन हजार. लग्न ठरत होतं तेव्हा फुलोऱ्याचे दिवस होते, मी म्हणाले पुढच्या महिन्यात बघू. ते लोक थांबले नाहीत. वाणाची नोंदणी झाली तेव्हा कागदावर पैदासकार म्हणून नाव कुणाचं घातलं? पारसचं. त्याला नर झाड आणि मादी झाड वेगळं ओळखता येत नाही. अण्णा म्हणाले, तू काय, आज ना उद्या परक्या घरी जायचीस. आता विकायला काढलंय. माझं नाव कुठं नाही, सही कुठं नाही. हैदराबादवाले मला पगारावर ठेवतील का, ते पण विचारून सांगतो म्हणाला."

"डब्यात काय भरलंत?"

"मंडईतल्या लवंगी मिरचीचं बी."

"आणि सील?"

"सील माझ्याच टेबलावर असतं."

ती बोलत होती ते खोटं नव्हतं, हे धनाजींना समजत होतं. म्हणूनच पुढचा प्रश्न त्यांना जड गेला.

"डबा अर्जुनाच्या वाटेवर का टाकलात?"

"त्याच्यावर टाकायचा नव्हता. बुधवारी घाईत तीच जागा सुचली. खताखाली राहील, कुणाला मिळणार नाही असं वाटलं."

"काल त्याची ट्रंक उपसली. आज गेटवर त्याचा शर्ट उतरवला. तुम्ही तिथं होता."

दीपालीनं पहिल्यांदा नजर खाली केली. "मी बोलले असते तर ही झाडं त्याच दिवशी उपटून नेली असती. मला वाटलं, पुरावा काही नाही, दोन दिवसांनी परत घेतील त्याला. चौकीदार आहे, कुठंही नोकरी मिळेल."

आक्काताई बांधावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पोरी, ह्ये तू चांगलं न्हाई केलंस," आणि घराकडं चालू लागली.

६

शनिवारी पाटलांच्या बंगल्यात धनाजींनी सगळं सांगितलं. ढिगाची उष्णता, खुर्चीवरच्या खुणा, लाल शाईतली नोंद, सहा सऱ्या. पारस मध्येच उठून दीपालीच्या अंगावर गेला, "चोर आहेस तू, घरातली चोर!" रामगोंडांनी हात वर करून त्याला बसवलं.

मग दीपालीनंच विचारलं, "सोमवारी त्यांना काय दाखवणार?"

त्या एका वाक्यानं बैठकीचा रंग पालटला. दाखवायला तिच्या सऱ्यांशिवाय काही नव्हतं. आणि कुठल्या झाडाचं बी धरायचं, कुठलं टाकायचं, हे तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. तासाभरात पारसचा आवाज खाली आला. दोन तासांत वकिलाला फोन गेला. नोंदणीत दीपालीचं नाव घालायचं, कंपनीत तिचा तिसरा हिस्सा, आणि झाल्या प्रकाराबद्दल कुणी कुठं अवाक्षर काढायचं नाही. रामगोंडा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून रडले. खरं म्हणजे हे सगळं तिला बारा वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं.

"आणि अर्जुना?" धनाजींनी विचारलं.

"त्याला पत्र देऊ," पारस म्हणाला. "पुरावा आढळला नाही असं. पण परत नको. तो आला की लोक विचारणार, मग चोर कोण. सोमवार नीट जाऊ दे सुभेदार. तुमच्या हातनं द्या पत्र, तुमचं ऐकतो तो."

धनाजींनी दीपालीकडं बघितलं. ती मोबाइलवर वकिलाचा मसुदा वाचत होती.

७

रविवारी सकाळी उंब्रजला हायवे सोडून धनाजी आत वळले. अर्जुना अंगणात म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होता. उठला नाही. त्याची बायको मनुबाई दारात आली, "या भावजी" म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

धनाजींनी पत्र पुढं केलं. अर्जुनानं ते हातात न घेताच विचारलं, "काय ल्हिवलंय?"

"तुझ्याविरुद्ध कोणताही पुरावा आढळला नाही."

"मी केलं न्हाई असं न्हाई ल्हिवलं?"

"नाही."

"मग ठिवा तुमच्यापाशीच."

धनाजींनी मग सगळं सांगून टाकलं, अवाक्षर काढायचं नाही असं ठरलेलं असताना. अर्जुना ऐकत राहिला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"चार ट्रे जादा गेलं तवाच मला खटकलं व्हतं," तो म्हणाला. "म्हनून तर तांबड्या शाईनं ल्हिवलं. तुमाला सांगितलं साब, रजिस्टर बघा. पारस सायबाला सांगितलं. कुनी बघितलं न्हाई. तुमी तर माझी ट्रंक बघत व्हता."

"चुकलं माझं, अर्जुना."

"पारस परका मानूस. त्येनं शर्ट काढाय लावला, त्येचं मला तेवढं न्हाई. पर तुमी म्हनला, गड्या, कबूल हो, मी सांभाळतो." त्यानं दावं खाली टाकलं. "लेहला आपलं पानी संपलं व्हतं तवा बाटली कुनाची व्हती? तवा कुनी झडती घेतली न्हवती माझी."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मनुबाई तिथंच थबकली. तिनं तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि आत गेली.

"साताऱ्यात एक कारखाना आहे," धनाजी म्हणाले. "उद्यापासून ये. गेटवर नाही, माझ्या जोडीला. आखणीलाच."

"न्हाई साब. क्रांती, माझी लेक, भरतीची तयारी करती. पळायला जाती तर पोरी कुजबुजत्यात, हिच्या बापानं चोरी केली. आता गावातच ऱ्हातो. लोकांनी विचारलं तर तोंड दावायला मी हितं असावा." त्यानं पुन्हा दावं हातात घेतलं. "तुमी जावा. ऊन चढतंय."

धनाजी तांब्यातलं पाणी न पिताच उठले.

सोमवारी सकाळी आठला रोपवाटिकेच्या बायका गेटवर जमल्या तेव्हा सुभेदार निकम आडव्या दांड्याशेजारी उभे होते. त्यांनी हात वर केला.

"ऐका," ते मोठ्यानं म्हणाले. "डबा अर्जुना यादवनं घेतला नव्हता. त्याचा काडीचा दोष नाही. बी डिसेंबरमध्येच घरच्या माणसानं बाहेर काढलं, रोपं करून. रोपं गेटातून गेली त्याच दिवशी अर्जुनानं ते रजिस्टरात लिहिलं होतं. वाचलं नाही आम्ही. आणि त्याच्यावर आळ घेतला तो मीही घेतला."

पारस ऑफिसातून धावत येत होता. "बंद करा हे! तुमचं काम संपलं इथलं, परत पाऊल ठेवायचं नाही!"

मग बनुबाईनं विचारलं, "मग अर्जुनाला कवा आनताय?"

"तो येणार नाही, बनुबाई."

"आन् ज्येनं केलं त्ये?"

मागून हॉर्न वाजला. हैदराबादवाल्यांना घेऊन आलेली पांढरी गाडी, काचा वर केलेल्या. चालकाशेजारी दीपाली बसली होती, मांडीवर चिठ्ठ्या बांधलेल्या फांद्यांचा जुडगा घेऊन. नव्या चौकीदारानं रजिस्टर उचललं, गाडीच्या काचेकडं बघितलं, पारसकडं बघितलं, आणि रजिस्टर खाली ठेवून दांडा वर केला. गाडी आत गेली. मग त्यानं दांडा खाली घेतला, रजिस्टर पुन्हा उचललं आणि बायकांना रांगेत यायला सांगितलं.